टीव्हीला मॉनिटर केलंय आणि अक्षरं फाटायलेत? ग्राफिक कार्ड घ्यायच्या आधी हे करून बघा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, मॉनिटर गेला म्हणून घरातला ३२ इंची एलईडी टीव्ही आणून एचडीएमआयनं कॉम्प्युटरला लावलाय, आणि आता अक्षरं फाटल्यासारखी दिसायलेत, खालचा टास्कबार अर्धा कापला जायलाय, काळा रंग राखाडी वाटतोय, आणि सातबाऱ्याची पीडीएफ उघडली की गट नंबरात १ आहे का ९ तेच कळंना. दुकानवाला म्हणाला ग्राफिक कार्ड टाका, तर टाकावं का, एवढंच तुम्ही विचारलंय.

कार्ड घेऊ नका. ह्या दुखण्यावर ते औषधच नाही. एचडीएमआय डिजिटल आहे, मदरबोर्डावरचं साधं ग्राफिक आणि महागडं कार्ड, दोघंही सातबाऱ्याच्या त्या पानाचे सारखेच ठिपके (पिक्सल) केबलमध्ये सोडतात. विंडोजची सेटिंग बरोबर असेल तर तिथपर्यंत चित्र चांगलंच असतं. बिघडतंय ते टीव्हीत शिरल्यावर. मी परभणीत टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही दुरुस्त करतो, आणि हीच तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं काम नवीन काहीच न घेता, नुसत्या रिमोटनं आणि विंडोजच्या सेटिंगनं होतं. काहींचं होत नाही, ते का होत नाही ते पण पुढं सांगतो.

मूळ गोष्ट अशी की मॉनिटर आलेला ठिपका जसाच्या तसा दाखवतो, आणि टीव्ही आलेल्या चित्रावर आधी आपलं काम करतो. टीव्ही बनवणाऱ्यानं धरलेलं असतं की समोर सिनेमा नाहीतर क्रिकेट चालू असणार, त्यामुळं तो चित्र थोडं ताणतो, कडा उठावदार करतो, रंग भडक करतो, खरखर पुसतो, दोन फ्रेमच्या मधे स्वतःची फ्रेम घालतो. माणसाच्या चेहऱ्याला हे सगळं चालून जातं. एका ठिपक्याएवढ्या जाडीच्या अक्षराला चालत नाही. म्हणून आपल्याला काही वाढवायचं नाहीये, टीव्ही जे जे सुधारायला बघतोय ते एकेक करून बंद करायचंय. आणि क्रमानं करा, कारण पहिलं जमलं नसताना तिसरं करत बसलात तर काहीच फरक दिसत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो.

सगळ्यात आधी कडा कापल्या जातात ते. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडेला चित्र सरळ यायचं नाही, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा फ्रेमच्या मागं ढकलायची पद्धत होती. ट्यूब गेली तरी ती सवय एलईडीत राहिली. समजा तुमचा टीव्ही ५ टक्के ओव्हरस्कॅन करतोय, तर १९२० बाय १०८० मधून १८२४ बाय १०२६ एवढंच चित्र ठेवून ते परत पूर्ण पडद्यावर ताणलं जातं. वरून २७ आणि खालून २७ ठिपके गेले. विंडोज १० चा टास्कबार १०० टक्के स्केलवर (स्केल म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ती सेटिंग) ४० ठिपके उंच असतो, त्यातले २७ गेल्यावर काय उरणार. आणि लोकांच्या लक्षात येत नाही ते हे, की टास्कबार कापला जाणं आणि अक्षरं फाटणं हे दोन वेगळे रोग नाहीत, चित्र ताणलं गेलं की एक ठिपका एका जागी बसतच नाही, तो दोन ठिपक्यांत पसरतो.

हे टीव्हीच्या रिमोटवरूनच बंद करायचं. पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो नावाच्या मेनूत जा. सॅमसंगला स्क्रीन फिट किंवा फिट टू स्क्रीन असतंय, एलजीला जस्ट स्कॅन, सोनीला डिस्प्ले एरियात फुल पिक्सल, बाकीच्यांत डॉट बाय डॉट, ओरिजिनल, वन टू वन असं काहीतरी. नुसतं १६:९ निवडून उपयोग नाही, बऱ्याच टीव्हीत १६:९ मध्ये पण ओव्हरस्कॅन चालूच राहतो. आणि हा पर्याय कॉम्प्युटरचं चित्र समोर चालू असतानाच दिसतो, डिश लावून शोधत बसलात तर सापडणार नाही.

एक मात्र करू नका. इंटेलच्या किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान करायची पट्टी असते, ती ओढून टास्कबार आत आणायचा आणि झालं म्हणायचं, असं भरपूर जण करतात. त्यात कॉम्प्युटर चित्र आकसवतो आणि टीव्ही ते परत ताणतो. टास्कबार दिसतो खरा पण अक्षरं आधीपेक्षा जास्त खराब होतात. टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करायची सोयच नसली तर नाइलाजानं ती पट्टी वापरा, नाहीतर हात लावू नका. उलटी तक्रार पण असते, चित्राच्या चारी बाजूंनी काळी पट्टी. ती एएमडीवाल्यांना जास्त येते, कारण त्यांचं ड्रायव्हर टीव्ही दिसला की स्वतःहून चित्र आकसवतं, तिथं एचडीएमआय स्केलिंगची पट्टी ० टक्क्यावर न्यायची.

आता दुसरं, आणि तुमच्या केसमध्ये मला खरा संशय इथंच आहे. ३२ इंची टीव्ही म्हणजे बहुतेक वेळा एचडी रेडी. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, त्याच्यावर एक पण नाही. पण तोच टीव्ही कॉम्प्युटरला सांगतो की मी १०८० घेतो. घेतो हे खरं आहे, दाखवत मात्र नाही, आत घेऊन ७६८ मध्ये बसवतो. विंडोज बिचारं विश्वास ठेवतं आणि १९२० बाय १०८० पाठवतं. काळ्या-पिवळीत सात सीटवर दहा माणसं बसवल्यागत दहा ठिपके सात ठिपक्यांच्या जागेत कोंबले जातात. टीव्हीच्या माहितीच्या पट्टीवर १०८० लिहून येतं ते नुसत्या आलेल्या सिग्नलचं असतं, पडद्याचं नसतं, आणि तेवढंच बघून लोक फुल एचडी आहे म्हणून सांगतात. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर टाका, तिथं रिझोल्युशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके किती, काय लिहिलंय ते बघा.

मराठीला ह्याचा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी शब्दावरून कळतं. आपल्याकडं अनुस्वार म्हणजे शिरोरेघेवर दोन ठिपक्यांचा चौकोन. तो आकसून दीडच्या खाली आला की काळा राहत नाही, फिका राखाडी डाग होतो आणि शिरोरेघेत मिसळून जातो. रफार, उकार, क्र आणि क यातला फरक, ळ चे दोन गोळे, सगळं असंच. १ आणि ९ मध्ये फरक फक्त बारीक वळणाचा आहे, ते वळण दोन-तीन ठिपक्यांत काढलेलं असतं आणि आकसण्यात तेच जातं. तुमच्या धंद्यात हा नुसता डोळ्याचा त्रास नाही, गट नंबर चुकला तर त्या शेतकऱ्याचा पीक विम्याचा फॉर्म चुकतो. म्हणून म्हणतो, हे चालवून घेऊ नका.

तपासायचं कसं. विंडोजचा स्केल तात्पुरता १०० टक्के करा, पेंट उघडा, झूम १०० टक्के ठेवा, सगळ्यात बारीक पेन्सिल घ्या आणि शिफ्ट दाबून धरून एक उभी रेघ मारा. तिच्या थोडं बाजूला दुसरी, अजून बाजूला तिसरी, अशा पाच-सहा पडद्याच्या वेगवेगळ्या भागात मारा. आता टीव्हीजवळ जाऊन बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर अजून चांगलं. सगळ्या रेघा सारख्या काळ्या आणि सारख्या बारीक असतील तर ठिपक्याला ठिपका बसतोय. एक रेघ काळी, दुसरी राखाडी, तिसरी जाड आणि पुसट असं दिसलं तर चित्र कुठंतरी ताणलं किंवा आकसलं जातंय. प्रत्येक सेटिंग बदलली की ह्याच रेघा परत बघायच्या. नुसतं लांबून बघून बरं वाटतंय का नाही हे ठरवत बसू नका, सवयीनं डोळा फसतो, रेघ फसत नाही.

आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथं डेस्कटॉपचं रिझोल्युशन वेगळं आणि ॲक्टिव्ह सिग्नलचं वेगळं लिहिलेलं असतं. दोन्ही सारखे पाहिजेत. डेस्कटॉप १३६६ आणि सिग्नल १९२० दिसत असेल तर कॉम्प्युटर स्वतःच ताणून पाठवतोय, म्हणजे तुम्ही १३६६ निवडलं तरी केबलमधून १९२० च चाललंय.

टीव्ही एचडी रेडी निघाला तर यादीत १३६६ बाय ७६८ किंवा १३६० बाय ७६८ आहे का बघा. १३६६ ला ८ नं भाग जात नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी १३६० च मिळतं, काही बिघडत नाही, कडेला तीन-तीन ठिपके काळे राहतील एवढंच. यादीत नसेल तर इंटेलच्या किंवा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्युशन करून १३६०, ७६८, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र) टाकून बघा. काही टीव्ही घेतात, काही मोड नॉट सपोर्टेड म्हणून पडदा काळा करतात. घाबरू नका, विंडोजच्या सेटिंगमधून बदललं असेल तर पंधरा सेकंद काही दाबलं नाही की आपोआप मागचं परत येतं.

एचडीएमआयवर घेतलंच नाही तर टीव्हीच्या मागं निळं व्हीजीए सॉकेट आहे का बघा, त्याच्यावर पीसी इन लिहिलेलं असतं. जुन्या एचडी रेडी टीव्हीत ते असायचं. हे ऐकून लोकांना पटत नाही, जुनी निळी केबल एचडीएमआयपेक्षा चांगली कशी. पण ते सॉकेट बनवतानाच कॉम्प्युटरसाठी म्हणून बनवलेलं आहे, तिथं टीव्ही ओव्हरस्कॅन करत नाही, सुधारणा करत नाही, आणि १३६० बाय ७६८ सरळ घेतो. एचडी रेडी टीव्हीवर व्हीजीएची अक्षरं एचडीएमआयपेक्षा स्वच्छ येताना मी भरपूर वेळा बघितलंय. एवढं करायचं की पडद्यावर अक्षरांनी भरलेलं पान उघडून मग रिमोटनं ऑटो ॲडजस्ट दाबायचं, कोऱ्या डेस्कटॉपवर दाबलं तर ते नीट बसत नाही. तरी अक्षरांच्या कडेला थरथर राहिली तर फेज नावाची सेटिंग एकेक पॉइंट हलवून बघायची. आवाजाची वायर मात्र वेगळी लागते.

व्हीजीए पण नाही, १३६० पण घेत नाही, मग १२८० बाय ७२० ठेवा. हे पण ताणलं जाणारच, पण १२८० चं १३६६ करताना अक्षर मोठं होतंय, काही गळून पडत नाही. थोडं मऊ दिसेल, पण अनुस्वार जागेवर राहील. फॉर्म भरताना पडद्यावर कमी मावेल, सारखं स्क्रोल करावं लागेल, तो त्रास आहे. तरी १९२० कोंबण्यापेक्षा हे बरं असं माझं मत.

टीव्ही फुल एचडी निघाला तर सोपं आहे, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, ओव्हरस्कॅन बंद, आणि पुढं चला.

४के वाल्यांसाठी पण सांगून टाकतो, कारण लातूरला ट्यूशनवाले ४३ इंची ४के टीव्ही जुन्या पीसीला लावतात आणि माउस अडकत अडकत चालतो म्हणून फोन करतात. जुन्या मशीनचं एचडीएमआय १.४ असतं, त्यात ४के फक्त ३० हर्ट्झवर जातं. ६० ला एचडीएमआय २.० लागतं. माउस सेकंदाला तीसदा हलला की हाताला जड वाटतोच. जुनं मशीन असेल तर सरळ १०८० आणि ६० हर्ट्झ ठेवा, ४के हे १०८० च्या आडवं आणि उभं दोन्हीकडं बरोबर दुप्पट आहे, एका ठिपक्याचे चार होतात, अर्धवट काही उरत नाही. नवीन मशीन असेल तर टीव्हीत त्या पोर्टला एचडीएमआय यूएचडी कलर, डीप कलर किंवा एन्हान्स्ड असं काहीतरी चालू करावं लागतं, ते बंद असलं की मशीन कितीही भारी असू द्या, बऱ्याच वेळा ३० च दिसतं.

तिसरं, रंगीत अक्षरं. काळं अक्षर बरं दिसतंय पण लाल किंवा निळं अक्षर पसरलंय, वेबसाइटवरची लाल सूचना वाचताच येईना, असं असलं तर टीव्ही रंगाची माहिती कमी करतोय. सिनेमाच्या पद्धतीत उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात आणि रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच, त्याला ४:२:० म्हणतात. कॉम्प्युटरला ४:४:४ पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग. ह्याची चावी बऱ्याच टीव्हीत भलत्याच ठिकाणी ठेवलीय. सोर्सच्या यादीत त्या एचडीएमआय पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून पीसी करायचं. सॅमसंगमध्ये एडिट नेममध्ये जाऊन पीसी, एलजीत त्या इनपुटचं चिन्ह पीसीचं. नुसतं नाव वाटतं पण ते केल्याबरोबर टीव्ही आतली बरीचशी कामं बंद करतो. सोनीत पिक्चर मोडमध्ये ग्राफिक्स असतं. आणि मागं एखाद्या पोर्टवर एचडीएमआय डीव्हीआय असं लिहिलेलं असलं तर कॉम्प्युटर त्याच पोर्टला लावा. स्वस्तातल्या टीव्हीत ह्यातलं काहीच नसतं, तिथं विंडोजचं क्लिअरटाइप बंद करून बघा. क्लिअरटाइप अक्षराच्या कडेला बारीक रंगीत छटा टाकतं, चांगल्या मॉनिटरवर त्यानं अक्षर सुंदर दिसतं, पण रंग कापणाऱ्या टीव्हीवर त्याच छटा पसरून अक्षराभोवती मळ दिसतो.

इथपर्यंत आलात म्हणजे ओव्हरस्कॅन बंद, रिझोल्युशन पडद्याएवढं, पोर्टचं नाव पीसी. आता बाकीची झाडझूड, ती पटकन होते.

पिक्चर मोड व्हिव्हिडवर असेल तर काढा, दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून ते असतंय. स्टँडर्ड किंवा मूव्ही घ्या, गेम मोड असेल तर तो सगळ्यात बरा, त्यात टीव्हीची आतली प्रक्रिया कमी होते म्हणून माउस मागं राहत नाही. शार्पनेस कमी करत या. अक्षराच्या कडेला पांढरी सावली दिसते ना, ती शार्पनेसची. किती ठेवायचा ते आकड्यावर जाऊ नका, कंपनीप्रमाणं बदलतं, काहींत ० म्हणजे मूळ चित्र, सोनीच्या नवीन टीव्हीत ५० म्हणजे मूळ. पेंटमधल्या त्या रेघेकडं बघत कमी करा, सावली गेली की थांबा, त्याच्याखाली गेलात तर काही टीव्हीत अक्षर पुसट व्हायला लागतं. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, मोशन स्मूदिंग, इको सेन्सर, सगळं ऑफ. पांढरी पीडीएफ उघडली की पडदा भगभगतो आणि बंद केली की अंधारतो, ते डायनॅमिक कॉन्ट्रास्टमुळं. डोळ्याला झोंबत असेल तर ब्राइटनेस नाही, बॅकलाइट कमी करा. बऱ्याच टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी असते, ती हलवली की काळं राखाडी होतं.

आणि काळं राखाडी दिसायचं अजून एक कारण आहे, तुमच्याकडं बहुतेक तेच असेल. कॉम्प्युटरच्या हिशोबात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्ही प्रसारणाच्या हिशोबात काळा १६ आणि पांढरा २३५. समोर टीव्ही दिसला की ग्राफिकचं ड्रायव्हर बऱ्याच वेळा स्वतःहून १६ ते २३५ पाठवतं, आणि टीव्ही पीसी मोडमध्ये ० ते २५५ ची वाट बघत असतो, मग १६ नंबरचा काळा त्याला राखाडीच वाटणार. इंटेलमध्ये क्वांटायझेशन रेंज, एनव्हिडियात आउटपुट डायनॅमिक रेंज, एएमडीत पिक्सल फॉरमॅट, तिथं फुल करा, फुल म्हणजे ० ते २५५ आणि लिमिटेड म्हणजे १६ ते २३५. टीव्हीकडं ब्लॅक लेव्हल नावाची सेटिंग असते, ती पण त्याच्याशी जुळवा. दोन्हीकडं एकच भाषा पाहिजे. उलटं झालं, म्हणजे कॉम्प्युटर फुल आणि टीव्ही लिमिटेड, तर काळं एकदम गच्च होतं आणि स्कॅन केलेल्या जुन्या कागदातल्या गडद भागातलं काही दिसत नाही. पेंटमध्ये काळ्या पानावर लाल, हिरवा, निळा तिन्ही १० आकडा टाकून एक चौकोन भरा. तो अगदी पुसट का होईना दिसला पाहिजे, आणि बाजूचा काळा काळाच दिसला पाहिजे.

केबलचं काय, हे लोक सगळ्यात आधी विचारतात म्हणून सांगतो. एचडीएमआय केबल खराब असली तर पडद्यावर चमचम ठिपके येतात, चित्र जातं-येतं, नो सिग्नल होतं. अक्षर पुसट होत नाही. पुसट अक्षरासाठी कुणी महाग केबल गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. १०८० ला साधी चांगली दोन मीटरची केबल बास. ऑफिसातून निघालेली जुनी मशीनं आपल्याकडं लई आलीत, त्यात एचडीएमआय नसतं, व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतं. त्यांना डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल घ्या, व्हीजीए टू एचडीएमआयचा डबा घेऊ नका. आणि घेताना सांगा की कॉम्प्युटरकडून डिस्प्लेपोर्ट निघून टीव्हीत एचडीएमआय जायचंय, उलट्या दिशेला ती केबल चालत नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण आपल्या भागात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ती म्हणजे अर्थिंग. टीव्हीचा प्लग दोन पिनचा, कॉम्प्युटरचा तीन पिनचा, आणि सेंटरच्या बोर्डात तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नाही, हे मी सेलू, वसमत, गंगाखेड, कुठं पण जाऊ द्या, बघतो. अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) फिल्टरमधून ११५ व्होल्टच्या आसपास येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, हाताला मुंग्या येतात तेवढाच, पण चालू मशीनला एचडीएमआय खुपसताना तोच करंट पोर्टच्या नाजूक पिनांतून जातो आणि पोर्ट मरतं. टीव्हीला डिशची किंवा केबलची वायर पण लावलेली असेल तर धोका अजून वाढतो, कारण ती वायर बाहेर कुठंतरी जमिनीला टेकलेली असते. म्हणून केबल लावताना-काढताना दोन्हीचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करू नका. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. इलेक्ट्रिशियनकडून मीटरनं फेज आणि अर्थ बघून घ्या, फेज आणि न्यूट्रलला जेवढं येतंय जवळपास तेवढंच आलं पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडं जमीन कोरडी ठक्क होते, पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग एप्रिल-मेत काम करत नाही, त्या खड्ड्यात पाणी ओतत जा.

कूलर चालू-बंद केला की टीव्ही एक-दोन सेकंद काळा होतो, ही तक्रार पण याच्यातलीच. कूलरच्या मोटारीचा झटका वायरीतून येतो आणि एचडीएमआयचा सिग्नल क्षणभर तुटतो. कूलर वेगळ्या बोर्डावर घ्या, केबल लहान वापरा, डिशची वायर टीव्हीतून काढून बघा, बहुतेक थांबतं. आणि अवकाळीत किंवा मृगाच्या सुरुवातीला वीज कडकडायला लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. वायरीतून आलेला झटका टीव्हीत शिरतो आणि एचडीएमआयमधून कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत जातो, मग एकाच्या जागी दोन वस्तू जातात.

हे सगळं करून पण प्रश्न उरतो तो अंतराचा, आणि इथं सेटिंग काही करू शकत नाही. ३२ इंची एचडी रेडीवर एका इंचात साधारण ४९ ठिपके बसतात, ३२ इंची फुल एचडीवर ६९, आणि ऑफिसच्या साध्या २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर १००. तुम्ही टेबलावर दोन फुटांवर बसत असाल तर ४९ वर ठिपका ठिपका वेगळा दिसणारच, सगळं बरोबर लावलं तरी. टीव्ही चार-पाच फूट मागं भिंतीवर नेऊन विंडोजचा स्केल १२५ केला तर निभतं. पण सेंटरला तुम्ही दिवसभर आकडे वाचणार, नावं वाचणार, आधार नंबर टाकणार. घरी एखाद्या मुलाला लेक्चर बघायचं असतं तर मी म्हणालो असतो टीव्ही झकास आहे. तुमच्या कामाला, टीव्ही एचडी रेडी असेल तर, कार्डाच्या पैशात ऑफिसातून निघालेला वापरलेला २२ इंची मॉनिटर शोधा. फुल एचडी असेल तर वरचं सगळं करा आणि निवांत वापरा.

मॉनिटर घेतलाच तर टीव्ही घरी नेऊ नका, तो गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून लावा. माणूस समोर बसून आपलं नाव, गट नंबर, खाते क्रमांक स्वतः वाचतो आणि चुकलं असेल तर सबमिट दाबायच्या आधी सांगतो. तेव्हा विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडू नका, डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडदे एकाच रिझोल्युशनवर येतात आणि तुमचा चांगला मॉनिटर पण टीव्हीसारखा पुसट होतो. एक्स्टेंड निवडा, दोघांना आपापलं रिझोल्युशन द्या, आणि भरलेल्या फॉर्मचा प्रिव्ह्यू ओढून टीव्हीवर न्या.

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, कॉम्प्युटरच्या मागं कोणकोणती सॉकेटं आहेत ते, आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानाचा फोटो इथंच टाका, मग तुमच्या टीव्हीत कोणता मेनू कुठं आहे ते नेमकं सांगतो.